ऑफिसातून निघालेले दोन जुने फायरवॉल घरी आणलेत, कोणता लावू?

मनीषनगरचा_पोट्टा

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात मागच्या महिन्यात पूर्ण नेटवर्क बदललं, जुनं सामान स्टोअरमध्ये पडून होतं, साहेब म्हणाले कबाड्याला जायचंच आहे, कोणाला काही पाहिजे असंन तर घेऊन जा. बाकीच्यांनी कीबोर्ड अन् खुर्च्या उचलल्या, मी हे दोन फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमध्ये काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारे डबे, उचलले.

एक मोठा लाल, वॉचगार्डचा एक्सटीएम ५ सिरीज, रॅकमध्ये बसणारा, समोर सात पोर्ट, वजनदार. दुसरा सोफोसचा एसजी १०५, बारका, चार पोर्ट, टिफिनपेक्षा थोडा मोठा असंन, त्याचा अडॅप्टर पण ड्रॉवरमध्ये सापडला. लायसन दोघांचंही संपलेलं.

घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, कंपनीनं भिंतीवर ठोकून दिलेला पांढरा डबा, ओएनटी (फायबरचा मोडेम) अन् वायफाय सगळं त्याच्यातच. घरी आई-बाबा, बायको, सहावीतला मुलगा, एक टीव्ही आणि दोन स्वस्तातले वायफाय कॅमेरे, अन् माझी खरी भानगड त्या कॅमेऱ्यांचीच आहे, ते दिवसरात्र कोणाशी बोलून राहिले काही समजत नाही. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर फुकट आहे अन् जुन्या डब्यावर चालते असं वाचलं. माझं मन लालवर आहे, सात पोर्ट, दिसायला पण एकदम जबरदस्त. फक्त चालू केला तर पंखा असा वाजते की आई किचनमधून बाहेर आली, म्हणे मिक्सर कोणी लावलं रे.

तर कोणता ठेवू, त्याच्यात काय टाकू, आणि हे करून खरंच काही फायदा आहे का नुसता हौसेचा मामला आहे? लिनक्स थोडंफार येते, नेटवर्किंग ऑफिसात पाहून पाहून शिकलो तेवढंच.

जुनाखोकेवाला

भाऊ, लाल डब्याचा मोह सोड. मी हाच डबा दीड वर्ष घरी चालवला आहे म्हणून सांगतो. आत बहुतेक सेलेरॉन ४४० निघंन, एकच कोअर, २ गिगाहर्ट्झ, रॅम डीडीआर२ १ जीबी, आणि बूट होते कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डवरून, जे कॅमेऱ्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वी लावायचे ते. सात पोर्ट म्हणतोस पण त्यातला एक १०० एमबीपीएसवालाच आहे. चालत नाही असं नाही, मस्त चालते, लोकांनी याच्यात कोअर २ क्वाड बसवले, रॅम ४ जीबी केली, समोरचा आर्म-डिसआर्मवाला लाल दिवा हिरवा करायला वेगळा प्रोग्राम लिहिला. तेवढं नाही केलं तर सगळं बरोबर चालू असतानाही दिवा लालच राहते. आमच्या घरी सहा महिने बायको रोज विचारायची, ते बिघडलं आहे का.

आता हिशोब पाहा. माझ्या मीटरवर तो ४५ वॅटच्या आसपास दाखवायचा. ४५ वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला ३२ युनिटच्या वर. एसजी १०५ माझ्या एका मित्राकडे आहे, तो १०-१२ वॅटमध्ये भागवते, म्हणजे आठेक युनिट. फरक झाला चोवीस युनिटचा, दहा रुपये युनिट धरलं तरी वर्षाचे तीन हजाराजवळ गेले, अन् उन्हाळ्यात कूलर-एसीमुळे आपण आधीच वरच्या स्लॅबमध्ये बसलेलो असतो. म्हणजे फुकट मिळालेला डबा फुकट नाहीच.

बारका डबा लाव. चार पोर्ट घराला पुरून उरतात.

ट्यूबलाइट_४०

मला एक सांगा, काहून एवढा कुटाणा? १०० एमबीपीएसच्या लाइनला कोणताही बरा राउटर घेऊन त्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं फुकट सॉफ्टवेअर) टाकलं की झालं. त्याच्यात पण फायरवॉल आहे, गेस्ट नेटवर्क आहे, जाहिराती अडवायचं पॅकेज आहे, आणि वायफाय त्याच डब्यात. पाच-सात वॅट. एक डबा कमी, एक वायर कमी. उगाच ‘सर्व्हर रूम’ करायची हौस असते आपल्या लोकांना.

जुनाखोकेवाला

@ट्यूबलाइट_४० तुझं चूक नाही. पण ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे २००४ च्या आसपास लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी पासून सुरू झालेलं, ते राउटरच्या आतल्या चिपवर अवलंबून आहे, मॉडेल अन् व्हर्जन दोन्ही जुळलं पाहिजे. ८ एमबी फ्लॅश ६४ एमबी रॅमवाल्यांना आता ते लोक स्वतःच नको म्हणतात, घ्यायचाच तर १६ आणि १२८ च्या वर घे. याच्याकडे डबा आयता आहे, आणि त्याच्यात साधा इंटेलचा पीसी आहे, त्याचा हा फायदा. प्रत्येक जुन्या फायरवॉलचं असं होत नाही बरं का, लहान फोर्टिगेटमध्ये, म्हणजे ६०ई वगैरेत, त्यांची स्वतःची एआरएम चिप असते, तो डबा कितीही सुंदर दिसला तरी आपल्या कामाचा नाही. कबाड्याकडून घेताना हे पहिले पाहायचं.

मिहानची_ताई

लाल-बारक्याचा वाद संपला असेल तर एक महत्त्वाचं बोलते, कोणीच विचारलं नाही म्हणून.

त्या डब्यांमध्ये तुमच्या ऑफिसचं सगळं कॉन्फिगरेशन अजून आहे. बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायच्या व्हीपीएनच्या किल्ल्या, युजरची नावं, आतले आयपी, कदाचित ब्रँच ऑफिसचे पासवर्ड. २०२३ मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीच्या लोकांनी अभ्यासासाठी सेकंडहँड बाजारातून १८ राउटर विकत घेतले होते, त्यातल्या नऊमध्ये आधीच्या कंपनीचा असा माल जसाच्या तसा निघाला. तर आधी साहेबांकडून दोन ओळींचा ईमेल घ्या की हे सामान मला दिलं, सिरियल नंबरसकट. तोंडी ‘घेऊन जा’ हे ऑडिटच्या दिवशी कोणाला आठवत नाही. मग दोन्ही डबे पूर्ण पुसा, जो वापरायचा नाही तोसुद्धा. लाल डब्याचं सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्ड काढून पुसा किंवा सरळ तोडा.

आता काय टाकायचं ते. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स एकाच घरातली भावंडं आहेत. मोनोवॉल नावाचा छोटा प्रोजेक्ट होता, त्यातून २००४ मध्ये पीएफसेन्स फुटलं, पीएफसेन्समधून जानेवारी २०१५ मध्ये ओपीएनसेन्स, आणि पुढच्याच महिन्यात मोनोवॉल बंद झालं तेव्हा मूळ लेखकानेच आपल्या लोकांना ओपीएनसेन्सकडे जा म्हटलं. दोन्ही फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, दोन्ही चांगली. मी ओपीएनसेन्स सांगेन, कारण साधं आहे, फाइल डाउनलोड करा, पेनड्राइव्हवर लिहा, बसवा. पीएफसेन्सचा आताचा इन्स्टॉलर आधी खातं उघडायला लावतो आणि बसवतानाच इंटरनेट मागतो, आणि तुमचं इंटरनेट तर त्याच डब्यातून यायचं आहे.

डाउनलोड करताना ‘व्हीजीए’ आणि ‘सिरियल’ असे दोन वेगळे प्रकार दिसतील. मॉनिटर लावून बसवणार असाल तर पहिला, कन्सोल केबलने बसवणार असाल तर दुसरा. चुकलात तर डबा जिवंत असूनही काळा पडदा दिसेल आणि तुम्ही मेला समजून परत कबाड्याकडे द्याल. फाइल सिस्टिम झेडएफएस निवडा, ती अचानक लाइट गेली तरी सहसा बिघडत नाही, आणि आपल्याकडे लाइट जाते येते. आणि रॅम २ जीबी असेल तर ४ करा, लॅपटॉपवाली डीडीआर३ लागते पण ‘एल’वाली, १.३५ व्होल्टची.

तर्रीपोहा

ताईंनी सगळं सांगितलं, माझी एकच पुरवणी, कूलर. डबा कूलरच्या हवेत ठेवू नका. मे महिन्यात ४५ डिग्री म्हणून मी कौतुकानं राउटर-फायरवॉल सगळं कूलरसमोरच्या शेल्फवर ठेवलं होतं, म्हटलं थंड राहीन. दोन महिन्यांनी उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर वाळ्याचा भुसा अन् धूळ यांचा ओला लेप, बोर्डाच्या कडेला पांढरी बुरशी आल्यासारखं, नेटवर्क पोर्टच्या पिना हिरव्या. गरम कोरडी हवा एकवेळ चालते, ओली नको. आता डबा पॅसेजमध्ये उंच लावला आहे, भिंतीपासून चार बोटं सोडून.

मनीषनगरचा_पोट्टा

ठीक आहे, लालचा नाद सोडला (डोळे भरून आले). साहेबांचा ईमेल घेतला, त्यांनी उलट मलाच विचारलं की बाकीचे डबे कोण पुसणार, आता ते काम पण माझ्याच गळ्यात.

शनिवारी बर्डीच्या बाजारातून कन्सोल केबल आणि ४ जीबी रॅम आणली. डबा उघडला तर आत धूळ कमी, एक मेलेलं झुरळ अन् ॲटम ई३८२६, दोन कोअर. सिरियल इमेज लिहिली, केबल लावली, पुटी (कन्सोलवरचं दाखवणारा प्रोग्राम) उघडलं, तर पडद्यावर नुसता चौकोन अन् प्रश्नचिन्हांचा पाऊस. अर्धा तास केबलवाल्याला शिव्या घातल्या. मग दिसलं की मी स्पीड ९६०० ठेवला होता. ११५२०० केल्यावर सगळं वाचता आलं. केबलवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली.

इन्स्टॉल झालं, रिबूट झालं, आता पुढे अडलो. लॅपटॉपला आयपी मिळून राहिला, १९२.१६८.१.१ उघडलं की लॉगिन पण येते, पण बाहेर काहीच जात नाही. फायरवॉलचा वॅन (बाहेरच्या लाइनचा) पोर्ट ओएनटीच्या लॅनला (घरातल्या बाजूला) जोडला आहे. गंमत म्हणजे वॅनलाही आयपी मिळाला आहे, १९२.१६८.१.५.

मिहानची_ताई

तुमचं उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे. ओएनटी स्वतः १९२.१६८.१.१ वर बसला आहे आणि ओपीएनसेन्सचं लॅनही मुळात तेच असतं. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिलात, आता पोस्टमन काय करणार? वॅनची वायर काढा, लॅनचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी करा, डीएचसीपीची (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीची) रेंजही तीच करा, मग वायर लावा. चालेल.

पण ही तात्पुरती सोय आहे, कारण आता दोनदा नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल, होतंय, एकदा ओएनटीत आणि एकदा फायरवॉलमध्ये. ब्राउझिंगला फरक पडत नाही, पण घरी बाहेरून यायचं म्हटलं की डोकं उठतं. खरं करायचं तर कस्टमर केअरला ‘ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाका’ सांगा, म्हणजे तो नुसती लाइन पुढे देईल, पीपीपीओईचा (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचा) युजरनेम-पासवर्ड घ्या आणि तो फायरवॉलमध्ये टाका. ब्रिज करायच्या आधी ओएनटीच्या वॅनच्या पानावरचा व्हीलॅन नंबर (कंपनीच्या लाइनवर आपलं ट्रॅफिक ओळखायचा) कागदावर लिहून ठेवा, फोटो काढा. तो नंबर गेला की फोनवरचा माणूस ‘सर रिस्टार्ट करून पाहा’ च्या पुढे जात नाही.

फ्रीबीएसडीत पीपीपीओईचं येणारं ट्रॅफिक एकाच कोअरवर पडतं अशी जुनी तक्रार आहे, १ गिगाबिटच्या लाइनला हा ॲटम धापा टाकेल. तुमच्या १०० ला काही होत नाही.

ट्यूबलाइट_४०

पाहा, म्हटलं नव्हतं का कुटाणा आहे म्हणून. असो. वायफायचं काय करणार आता? फायरवॉलमध्ये वायफाय नाही, अन् ब्रिज केल्यावर त्या पांढऱ्या डब्याचं वायफाय बहुतेक मुकं होते.

जुनाखोकेवाला

घरात एखादा जुना राउटर पडलेला असतेच. त्याचा डीएचसीपी बंद कर, त्याला १९२.१६८.५०.२ असा पत्ता दे, अन् फायरवॉलची वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाल, निळ्या वॅनमध्ये नाही. झाला ॲक्सेस पॉइंट. असे दोन असतील तर आणखी चांगलं, कॅमेऱ्यांचं पुढे सांगतो.

मनीषनगरचा_पोट्टा

आठ दिवसांचा रिपोर्ट.

ब्रिज मोड तिसऱ्या फोनला मिळाला. व्हीलॅनचा फोटो ताईंच्या सांगण्यावरून काढून ठेवला होता, त्यानंच वाचवलं. वॅनला आयपी आला तो १००.७० नं सुरू होणारा.

मग गुरुवारी रात्री दीड तास लाइट गेली, अन् आल्यावर घरात कोणाचंच काही उघडेना. फायरवॉल चालू, पीपीपीओई जोडलेलं, आयपीवर पिंग जाते, नावानं काहीच जात नाही. दीड तास डोकं खाजवल्यावर कोपऱ्यातली तारीख दिसली, २०१४. आतली बटन बॅटरी मेलेली. मी हुशारी करून डीएनएससेकवर (नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसच्या उत्तरांवरची सही तपासणं) टिक केली होती, ते तारीख चुकीची असली की सह्याच मानत नाही, म्हणून नाव सापडत नाही, अन् नाव सापडत नाही म्हणून घड्याळवाला सर्व्हरही सापडत नाही. कोंबडी आधी की अंडं. हातानं तारीख टाकली, सुटलं. सकाळी चाळीस रुपयांची सीआर२०३२ बसवली. मुलगा म्हणे बाबा, तुम्ही फुकटचं आणलं अन् आमचं कार्टून गेलं.

आता कॅमेऱ्यांचं सांगा.

जुनाखोकेवाला

१००.७० म्हणजे तू सीजीनॅटमध्ये आहेस, कंपनी बाहेरचा एकच पत्ता बऱ्याच घरांना वाटून देते, १००.६४ ते १००.१२७ पर्यंतची ती रेंज त्यासाठीच ठेवलेली आहे. बाहेरून आयपीव्ही४ नं घरी यायचं विसर, आयपीव्ही६ मिळते का ते पाहा.

कॅमेरे: तिसऱ्या पोर्टला दुसरा जुना राउटर लाव, त्याचं वायफाय नाव वेगळं, त्या पोर्टला १९२.१६८.६०.१ दे. नवीन पोर्टवर सुरुवातीला एकही नियम नसते, म्हणजे सगळंच बंद. डीएचसीपी तेवढा चालतो, कॅमेऱ्याला पत्ता मिळंन पण तो बोलू शकणार नाही. दोन दिवस तसंच ठेव अन् लाइव्ह लॉग पाहत बस, कोण कुठे धडपडते ते दिसते. टीव्हीपेक्षा मजा येते.

मनीषनगरचा_पोट्टा

पाहिलं भाऊ. पहिले तर दर पंधरा-वीस सेकंदाला डीएनएस विचारतात, उत्तर नाही मिळालं की थेट ८.८.८.८ ला विचारतात, आम्ही सांगितलेला पत्ता सोडून. माझी शंका खरी होती म्हणून मी खुश. तेवढ्यात बाबा आले, ते रोज सकाळी फिरायला गेले की मोबाइलवर गेटचा कॅमेरा पाहतात, दूधवाला आला का म्हणून. त्यांचं ॲप बंद. आता व्हीपीएन लावून द्यावं म्हटलं तर सीजीनॅट आडवं येते, अन् आयपीव्ही६ आमच्या लाइनवर नाही, विचारलं.

मिहानची_ताई

बाबांशी भांडू नका, हरणार तुम्हीच. कॅमेरा बाहेर बोलतो हा अर्धाच प्रश्न आहे. तो कॅमेरा उद्या कोणी ताब्यात घेतला तर त्याला तुमचा लॅपटॉप आणि बायकोच्या ऑफिसचं काम दिसता कामा नये, हे मोठं. म्हणून कॅमेऱ्यांच्या पोर्टवर तीन नियम. सर्वात वर, फायरवॉलच्या डीएनएसला परवानगी. त्याखाली, घरच्या १९२.१६८.५० वाल्या नेटवर्ककडे आणि फायरवॉलच्या लॉगिन पानाकडे जाणारं सगळं बंद. तळाला, बाकी बाहेर जाऊ दे. क्रम उलटा करू नका, वरून खाली पाहत जातो आणि जो पहिला जुळला तोच लागू होतो. आणि घरातून कॅमेऱ्याकडे जाणारं मुळातच चालू असतं, त्याला वेगळं काही लागत नाही.

बाबांचा दूधवाला दिसेल, आणि कॅमेऱ्याला तुमचं घर दिसणार नाही.

अजून एक, सगळं नीट चाललं की माणसाला सुरिकाटा (ट्रॅफिक तपासून हल्ले ओळखणारं सॉफ्टवेअर) वगैरे चालू करायची खाज सुटते. ४ जीबी ॲटमवर नको. आजकाल जवळजवळ सगळं एचटीटीपीएसमध्ये बंद पाकीट जातं, तो डबा पाकिटं मोजून गरम होईल फक्त. त्यापेक्षा अनबाउंडमधली (ओपीएनसेन्सच्या डीएनएसमधली) ब्लॉकलिस्ट लावा, आणि महिन्यातून एकदा कॉन्फिगरेशनची बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर घ्या.

मनीषनगरचा_पोट्टा

तीन नियम लावले, ॲप चालू झालं. नंतर माझ्या मोबाइलला कॅमेऱ्यांच्या वायफायवर टाकून लॅपटॉप उघडायचा प्रयत्न केला, नाही झाला. बाबांना सांगितलं की आता कॅमेरा आपल्या घरात डोकावू शकत नाही, ते म्हणाले मग तो लावला कशाला.

डबा तर्रीपोहा भाऊंच्या सल्ल्यानं पॅसेजमध्ये, कूलरपासून लांब. अडॅप्टर १२ व्होल्टचाच आहे, तर राउटरवाला छोटा यूपीएस घेतला, अँपिअर जुळवून. लाइट जाते तेव्हा पंखे बंद, नेट चालू, त्यामुळे सगळे पॅसेजमध्ये येऊन बसतात.

लाल डबा पुसलेला, सीएफ कार्ड तोडलेलं, पलंगाखाली आहे. कोणाला पाहिजे का? बायकोनं रविवारपर्यंतची मुदत दिली आहे.

तर्रीपोहा

मला द्या. दिवा लाल राहिला तरी चालते, आमच्याकडे पोट्ट्यांना शिकवायला पाहिजे.

जुनाखोकेवाला

@तर्रीपोहा घे, पण कन्सोल केबल त्याच्याजवळच राहू दे, ती मागू नको. अन् पोट्टे झोपायच्या आधी बंद कर, पंखा शेजाऱ्यांना पण ऐकू जाते.